काडीची किंमत

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की शेतात जे उभे राहते त्याला विदर्भात पऱ्हाटी म्हणतात. आमच्या शिंदखेडा तालुक्यात नुसते ‘काड्या’ म्हटले तरी पुरते. कशाच्या काड्या, असे कुणी विचारत नाही. माझी उमेदीची वर्षे जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. त्या वह्यांत रुईला रकाना होता, सरकीला होता, कवडी आणि कचऱ्यालाही होता. काडीला नव्हता, कारण ती जिनिंगच्या फाटकापर्यंत कधी येतच नसे. त्यामुळे जानेवारी २०२६मध्ये एक बातमी वाचली, ती मी कात्रण काढून ठेवली. मायक्रोसॉफ्टने वराह या भारतीय कंपनीशी करार केला होता. महाराष्ट्रातल्या कपाशीच्या काड्यांचा कोळसा करायचा, तो शेतात मिसळायचा आणि त्यामुळे हवेत जायचा राहिलेला जो कार्बन डायऑक्साइड, त्याचे १ लाख टनांहून जास्त श्रेय मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांत विकत घ्यायचे, असा तो करार. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२५मध्ये, गूगलनेही याच कंपनीशी १ लाख टनांचा करार केला होता. तिथे कच्चा माल होता गुजरातेतली वेडी बाभूळ.

जमिनीत घालण्यासाठी केलेल्या अशा कोळशाला आता ‘बायोचार’ म्हणतात. बातम्यांमध्ये या काड्यांना बहुतेक वेळा ‘कचरा’ किंवा ‘टाकाऊ अवशेष’ म्हटलेले असते. शेतकरी त्या नाहीतरी जाळूनच टाकतो, मग त्यातून पैसा आणि पर्यावरण दोन्ही साधले तर वाईट काय, असा एकंदर सूर. या सुरातल्या ‘नाहीतरी’ या शब्दापाशी मी अडखळलो. काडी खानदेशात कचरा कधी झाली? त्याआधी ती काय होती, आणि कोणाची होती? गेले काही महिने धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि घरच्या संगणकावर जुने अहवाल चाळत मी याच प्रश्नाचा माग काढतो आहे. शेतीशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. आहे ती हिशेबाची सवय.

आधी राख आणि कोळसा यांतला भेद सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काडीच्या वाळलेल्या वजनात साधारण निम्मा भाग कार्बन असतो. हा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. काडी उघड्यावर जाळली की जवळजवळ सगळा कार्बन वायू होऊन परत हवेत जातो. मागे राहते ती राख, म्हणजे चुना, पालाश वगैरे क्षार. शिवाय अर्धवट जळण्यातून काजळी, थोडा मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही निघतो. काडी कुजवली तरी काही वर्षांत बहुतेक कार्बन जिवाणूंच्या श्वासावाटे हवेत जातो, फक्त सावकाश, आणि जाता जाता जमिनीला खाऊपिऊ घालून. तिसरी वाट कोळशाची. हवा तोडून तीनशे-चारशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर वजनाने पाव ते एकतृतीयांश कोळसा हाती येतो आणि काडीतला अर्ध्याच्या आसपास कार्बन त्यात अडकून राहतो. हा कार्बन जिवाणूंना सहज पचत नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०१९मध्ये आपल्या मोजणीच्या नियमांना जी पुरवणी जोडली तिच्यात याचे आकडे आहेत. कमी आचेवर केलेल्या कोळशातला ६५ टक्के, मध्यम आचेच्या कोळशातला ८० टक्के आणि सहाशे अंशांवरच्या कोळशातला ८९ टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही जमिनीत शिल्लक असेल, असे त्यात धरले आहे. जगभरच्या कंपन्या पैसे मोजतात ते या टिकाऊपणाचे.

या विद्येचे मूळ म्हणून नेहमी अमेझॉनच्या जंगलातली ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, दाखवली जाते. विम सोम्ब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६च्या आपल्या पुस्तकात तिच्याकडे लक्ष वेधले. तिथली मूळ जमीन तांबडी, आम्लधर्मी आणि निकस. पण जुन्या वस्त्यांच्या जागी कोळसा, हाडे, खापऱ्या आणि उष्टे-खरकटे शेकडो वर्षे साचून काळी, सुपीक माती तयार झालेली.

हे वाचताना मराठी माणसाला आपली जुनी जोडी आठवायला हवी: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. मराठी दफ्तरांत हे शब्द पावलोपावली भेटतात. गावठाणाची माती पांढरी का? चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि माणसा-जनावरांचा सगळा राबता तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो. ही पांढरी खत म्हणून काळीत नेऊन टाकायचा रिवाज दख्खनभर होता. पुरातत्त्वाच्या मंडळींनी त्यापायी कपाळाला हात लावला आहे, कारण ताम्रपाषाणयुगातली अनेक टेकाडे शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून पोखरून नेली. आमचे तापीचे खोरे अशा टेकाडांनी भरलेले आहे. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५४-५५ साली उत्खनन झाले. तापीकाठच्या सावळदा गावाने तर एका संस्कृतीलाच नाव दिले. म्हणजे वस्तीतली राख शेतात न्यावी हे ज्ञान आमच्याकडेही होते. फरक एवढाच, की आमच्या चुली अमेझॉनपेक्षा भुकेल्या होत्या. जळण इतके तोलून-मापून वापरले जाई, की कोळसा मागे राहायचा प्रश्नच नव्हता. राहिलाच तर तो सोनाराकडे किंवा लोहाराकडे जाई.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण शिकलेल्या माणसांचाही इथे घोटाळा होतो. आपली काळी जमीन कार्बनमुळे काळी नाही. तिचा रंग मुख्यतः बेसाल्टमधून आलेल्या खनिजांचा आणि त्यांना चिकटलेल्या अगदी थोड्या सेंद्रिय द्रव्याचा. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब बघा, खानदेशात तो बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळत असतो. काळी दिसते म्हणून ती तृप्त आहे असे मुळीच नाही.

आता जळणाकडे येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि खानदेशाचे नशीब पालटले. लोहमार्ग त्याच दशकात भुसावळकडे सरकला, जळगावची पेठ फुगली. कपाशी वाढली तशी काडी वाढली आणि त्याच काळात रान आटले. १८७८च्या वनकायद्याने सरकारी राने राखीव झाली. गुरे चारणे, लाकूडफाटा आणणे गुन्ह्यात जमा झाले. महात्मा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जो राग काढला आहे तो याच वर्षांतला. तापीच्या दक्षिणेला, आमच्या भागात, मुळात रान विरळ. पाऊस पाच-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा गावात काडी हे वर्षाचे सरपण होते. घराच्या मागे तिची गंजी नीट रचलेली असली म्हणजे पावसाळ्याची चिंता मिटली. चुलीला काडी मिळाली की शेण गवरीतून वाचे आणि उकिरड्यावरून शेतात जाई.

हा दुवा पहिल्यांदा सरकारी कागदावर ठळकपणे मांडला तो जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाने. तो १८८९च्या अखेरीस भारतात आला, वर्षभर हिंडला आणि १८९३ साली त्याचा शेतीसुधारणेवरचा अहवाल छापला गेला. हिंदी शेतकरी अडाणी आहे म्हणून शेण जाळतो, हा साहेबांचा लाडका समज. व्होएल्करने तो खोडला. शेण जाळले जाते ते लाकूड नाही म्हणून, आणि उपाय हवा असेल तर सरकारने जळणा-चाऱ्यासाठी राने राखून ठेवावीत, असे त्याचे म्हणणे. तो अहवाल मी दोनदा वाचला. शंभरसव्वाशे वर्षांनंतरही त्यात शेतकऱ्याचे बोलणे ऐकून घेतल्याची खूण दिसते, जी नंतरच्या कित्येक अहवालांत दिसत नाही.

त्याच सुमारास सह्याद्रीच्या पलीकडे एक मोठा वाद चालू होता, आणि तो आजच्या बायोचारच्या गोष्टीचा आजोबा शोभावा असा आहे. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी ‘राब’ करतात. रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पाला, गवत आणि वर माती असे थर देऊन ते धुमसत जाळतात. त्यासाठी झाडांची छाटणी होई आणि वनखात्याच्या डोळ्यांत ती सलत असे. राब म्हणजे रानाची नासाडी, एक रानटी खोड, असे खात्याचे मत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रयतेने गाऱ्हाणी मांडली आणि १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला. मुंबई इलाख्याचा शेतकी संचालक ओझॅन याने राबावर प्रयोग केले. पण खरा छडा लावला तो पुण्याच्या शेतकी कॉलेजात. प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोघा सहकाऱ्यांसह १९१२ साली राबावर एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. राबाचा गुण नुसत्या राखेचा नाही, माती भाजली जाते त्या उष्णतेचा मोठा वाटा त्यात आहे, असे त्यांना दिसले. म्हणजे शेतकरी जी माती वरून पांघरून धुमसती आग करीत होता ती वेडगळपणाने नव्हे. कानिटकरांचे नाव पुढे कोरडवाहू शेतीच्या अभ्यासात मोठे झाले. मान यांच्यासोबत त्यांनी केलेली दख्खनी खेड्याची पाहणी आजही अर्थशास्त्रात वाचली जाते. पण राबाच्या या कामाची आठवण बायोचारवरच्या लिखाणात मला क्वचितच आढळली. रयत स्वतःच्या पोटासाठी आग लावते तेव्हा ती नासाडी ठरते. तीच आग भट्टीत, तापमापी लावून केली की तिला शास्त्र म्हणतात. हे माझे मत, कुणाला कडवट वाटले तर वाटो.

इथून पुन्हा काडीकडे, आणि आता मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे जाऊ. हा रस्ता आमच्या तालुक्यातल्या नरडाण्यावरून तापी ओलांडतो आणि सेंधव्याचा घाट चढून इंदूरला पोहोचतो. तिथे १९२४ साली होळकर संस्थानाने दिलेल्या जागेवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ उभी राहिली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा. संचालक अल्बर्ट हॉवर्ड, ज्यांना पुढे सेंद्रिय शेतीचे जनक म्हटले गेले. पिकांच्या जाती सुधारण्यात त्यांची आधीची वीस वर्षे गेली होती. आता त्यांचे मत झाले होते, की जमिनीला कुजलेले द्रव्य, म्हणजे ह्यूमस, मिळाल्याशिवाय नुसत्या सुधारित बियाण्याने काही व्हायचे नाही. आणि कापसाच्या मुलखात ह्यूमस करायचे तर पहिली अडचण आडवी येते ती काडी.

काडी टणक, लाकडासारखी, जिवाणूंना दाद न देणारी. तशीच खड्ड्यात टाकली तर वर्षभराने तशीच निघेल. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो, कारण तो गाडीवानाला सुचावा इतका साधा आहे. काड्या शेतावरच्या रस्त्यावर पसरायच्या. बैलगाड्या त्यावरून जा-ये करतात, चाकांनी आणि खुरांनी काडी फुटते, चिंबते. मग ती गोठ्यात जनावरांखाली अंथरायची, म्हणजे मूत शोषून घेते. त्यानंतर शेण, मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांच्यासह खड्ड्यात थर द्यायचे, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. हीच ‘इंदूर पद्धत’. दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक ऑक्सफर्डने १९३१ साली काढले आणि ते पूर्व आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपासून इंग्लंडच्या बागांपर्यंत पोहोचले. हॉवर्ड ‘सर’ झाले. मुखपृष्ठावर बरोबरीने नाव असलेले वाड मराठी वाचकाला ठाऊक नाहीत, ही गोष्ट मला लागते. पण चिनी शेतकऱ्यांच्या खतविद्येवरून स्फूर्ती घेऊन माळव्याच्या गोठ्यात घडवलेल्या या पद्धतीत त्यांचा रसायनातला वाटा किती होता, हे पुस्तकातली कोष्टके पाहिली की कळते.

मग आमच्याकडे ती पद्धत का रुजली नाही? मनुष्यबळ, पाणी आणि गोठाभर जनावरे, तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे एकत्र असतील त्याचेच ते काम, हे एक कारण. दुसरे कारण माझ्या मते जास्त खरे आहे: काडी रिकामी नव्हतीच. खड्ड्यात घातली तर चुलीत काय घालणार? आमच्या लहानपणापर्यंत काड्या उपटायची मजुरी रोखीने द्यायची चाल नव्हती. ज्या बायका चिमट्याने काड्या उपटीत त्या निम्म्याशिम्म्या किंवा सगळ्याच काड्या घेऊन जात. शेत मोकळे होई आणि भूमिहीन घराला जळण मिळे. भिल्ल आणि इतर मजूर वस्त्यांमध्ये हा मोठाच आधार होता. वर्षाची काडी घरी आली म्हणजे निदान पावसाळ्यापर्यंत डोक्यावर मोळी वाहायची गरज नाही. हा व्यवहार कुठल्याच वहीत नाही. माझ्या वहीतही नव्हता. आणि चुलीपुरतेच कशाला, खानदेशी भरताचे वांगे भाजायला अजूनही काड्यांचाच जाळ लागतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो खमंगपणा येत नाही, हे जळगावचा कुठलाही भरीतवाला सांगेल.

काडी रिकामी झाली ती अलीकडे, आणि एकाएकी नाही. गॅस आला. २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर तो मजुरांच्या घरातही शिरला, जरी दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पुरती विझलेली नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला. गव्हा-हरभऱ्यासाठी रान लवकर मोकळे करायची घाई आली. आणि आली गुलाबी बोंडअळी. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीला ही अळी सरावली आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने हाहाकार केला. तेव्हापासून कृषी खाते बजावते आहे, की फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कपाशी काढा, काड्यांच्या गंज्या बांधावर ठेवू नका, कारण त्यातल्या कवड्या बोंडांत अळी मुक्काम करते. सल्ला शास्त्राला धरून आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की जी गंजी घरची शिलकी पुंजी होती ती रोगाचे घर ठरली. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला मी विचारले, हल्ली काड्या न्यायला कोणी येते का? ती म्हणाली, “आते काड्या कोनले लागतस?” आता काड्या हव्यात कोणाला! फेब्रुवारीत दोंडाईचा रस्त्याने संध्याकाळी निघालात तर दोन्ही बाजूंना आगी दिसतील.

म्हणजे ‘नाहीतरी जाळतातच’ हे आज खरे आहे, पण ते जेमतेम पंधरा-वीस वर्षांचे खरे आहे. कार्बनच्या व्यापारात हा मुद्दा निव्वळ इतिहासाचा राहत नाही. श्रेय मोजताना आधी विचारतात, प्रकल्प नसता तर या काडीचे काय झाले असते? उत्तर ‘उघड्यावर जळाली असती’ असे असले, की हिशेब सरळ होतो. उत्तर ‘कुणाच्या तरी चुलीत गेली असती’ असे असले तर तो बदलतो, कारण त्या चुलीला दुसरे जळण कुठून तरी येणार. आणि ते येते बहुधा रानातून.

महाराष्ट्रात शेतातल्या अवशेषांचा कोळसा करण्याचा पहिला गाजलेला प्रयोग जमिनीसाठी नव्हता, स्वयंपाकघरासाठी होता. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. धुराविना स्वयंपाक व्हावा हा हेतू. २००२ साली त्याला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तोच कोळसा जाळला तर बाईच्या डोळ्यांतला धूर जातो, पुरला तर हवेतला कार्बन कमी होतो. दोन्ही गोष्टी एकाच कांडीत होत नाहीत. कुठल्या कामाला किती पैसा मिळतो यावर ती कांडी कुठे जाणार हे ठरते, आणि आज पैसा पुरण्याला आहे.

आता हिशेब. हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेली काडी निघते असे साधारण धरतात. अडीच टन घेऊ. तिचा कोळसा होईल सहाशे ते सातशे किलो. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्बन, म्हणजे साडेचारशे-पावणेपाचशे किलो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करताना ३.६७ने गुणतात. शंभर वर्षांतली घट, वाहतुकीचे डिझेल, भट्टीतली गळती वजा केली तर हेक्टरामागे वर्षाला सव्वा टनाच्या जवळपास श्रेय हाती लागावे. जगाच्या बाजारात अशा टनाला गेल्या काही वर्षांत शंभर डॉलरहून जास्त भाव मिळाला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम लहान नाही, पूर्ण त्याच्याच हाती आली तर.

दुसऱ्या बाजूने पाहू. कोळशाने पीक वाढते, पाणी धरले जाते, असे जे प्रयोग सांगितले जातात त्यांत हेक्टरी पाच, दहा, वीस टन कोळसा घातलेला असतो. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, ‘क्रिडा’ने, गावात वापरता येईल अशी पिंपाची भट्टी काढली आणि कपाशी, तूर, एरंडी यांच्या काड्यांवर बरेच काम केले, ते चांगलेच आहे. पण एका हेक्टरची काडी त्याच हेक्टराला वर्षाला सहासातशे किलोच कोळसा देणार. दहा टनांचा टप्पा गाठायला पंधरा वर्षे लागतील. तोवर त्या शेताला काडी कुजून मिळाली असती ती पोषणद्रव्ये मिळणार नाहीत. भट्टीत काडीतला बराचसा नत्र उडून जातो. हॉवर्ड आणि वाड असते तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता.

नायट्रस ऑक्साइडचेही असेच. युरिया टाकलेल्या ओल्या जमिनीतून हा वायू निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. कोळसा घातला की तो कमी निघतो, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले. २०१४ साली जगभरच्या निष्कर्षांचे एक संकलन झाले, त्यात सरासरी घट ५४ टक्के होती. २०१९च्या मोठ्या संकलनात ती ३८ टक्क्यांवर आली आणि वर्ष उलटल्यावर परिणाम बहुधा मावळतो असे आढळले. शिवाय हा वायू ओलीत आणि नत्र भरपूर असताना होतो. आमची कोरडवाहू कपाशी वर्षातले आठ महिने तहानलेली असते. इथे मोठा नफा टिकाऊ कार्बनाचाच. नायट्रस ऑक्साइडचा फायदा ठिबकाखालच्या, युरिया पिणाऱ्या रानात शोधावा.

आणि जमीन. अमेझॉनची जमीन आम्लधर्मी, कोकणाची जांभ्याची जमीनही आम्लधर्मी. कोळसा आणि राख अल्कधर्मी असल्याने तिथे ते औषध ठरतात. आमची काळी आधीच चुनखडीयुक्त, सामू साडेसात-आठच्या वर. जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही ही इथली जुनी तक्रार. अशा रानात वर्षानुवर्षे अल्कधर्मी कोळसा घालताना माती तपासत राहणे भाग आहे. मात्र शिंदखेड्याच्या सगळ्याच जमिनी काळ्या नाहीत. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडांच्या भित्तींनी हा मुलूख आखलेला आहे, आणि त्यांच्या आजूबाजूला हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी रानेच जास्त. कोळशाच्या छिद्रांत पाणी थांबते, याचा उपयोग व्हायचा तर या रानांत व्हावा. काडी मात्र जास्त निघते ती तापीकाठच्या भारी जमिनीतून. भारी रानाची काडी हलक्या रानात कोण नेऊन घालणार, हे कुठल्या करारात लिहिलेले असेल असे वाटत नाही.

करारावरून आठवले. आमच्याकडे निम्मी शेती बटाईने चालते म्हटले तर फार वावगे होणार नाही. बटाईचे बोलणे तोंडी होते, बहुधा अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या, आगेमागे. बियाणे कोणाचे, खत कोणाचे, कापूस किती कोणाचा, सगळे ठरते. काडीचे नाव निघत नाही. ती उपटणाऱ्याची, हे गृहीत असते. उद्या टनावर पैसे मिळू लागले तर ज्याच्या नावावर सातबारा त्याच्याच नावावर कागद होईल. बटाईदार आणि काड्या उपटणाऱ्या बाया त्या कागदावर कुठे असतील? यंदाच्या आखाजीला आमच्या गावातल्या दोन बटाईदारांनी मालकाशी बोलताना ‘काड्या आमच्या’ हे पहिल्यांदा मोठ्याने म्हणून घेतले, असे कळले. मालक म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.